पॅसिफिकचे पाणी आणि आपली पेरणी

समुद्राचा आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न जिल्हा बैठकीत कोणी ना कोणी विचारणारच. परभणीच्या किंवा यवतमाळच्या माणसाला समुद्र पाहायचा तर रात्रभर प्रवास करावा लागतो. पण ज्या पावसाच्या भरवशावर त्याची तिफण चालते तो पाऊस समुद्रातूनच उचललेला असतो. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. आणि हा आड नुसत्या अरबी समुद्राएवढा नाही. त्याचा एक झरा थेट पॅसिफिक महासागरातून येतो.

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांत 'एल निनो' हा शब्द दिसू लागतो. तो वाचून बियाण्यांचा दुकानदार सावध होतो, अडत्या सावध होतो, दिल्लीतली मंत्रालये सावध होतात. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र नुसती धास्ती येते. आमचे म्हणणे असे की, ही समुद्राची गोष्ट शेतकऱ्याने स्वतः समजून घ्यावी. ज्याला ती कळते तो तिचा उपयोग करतो. ज्याला कळत नाही त्याच्याविरुद्ध तिचा उपयोग होतो.

बांधातली फट

शेततळ्यावर एकाच बाजूने सतत वारा वाहत राहिला तर पाणी समोरच्या काठाशी गोळा होते. पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ नेमके हेच घडते. तिथले वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडून इंडोनेशियाकडे वाहतात आणि उन्हाने तापलेले वरचे पाणी ढकलत नेतात. त्यामुळे इंडोनेशियाच्या अंगाला समुद्राची पातळी पेरूच्या अंगापेक्षा सुमारे अर्धा मीटर, म्हणजे हातभर, उंच राहते. पाणीही २८ अंशांच्या वर तापलेले असते.

हे साठलेले पाणी जाणार कुठे? पश्चिमेला इंडोनेशियाची बेटे बांधासारखी आडवी पडलेली आहेत. पण या बांधाला फटी आहेत. बोर्निओ आणि सुलावेसी या बेटांमधली मकासरची सामुद्रधुनी ही सर्वांत मोठी फट. पुढे बाली आणि लोम्बोक यांच्या मधून आणि तिमोर बेटाच्या दोन्ही अंगांनी यातले काही पाणी हिंदी महासागरात उतरते. पॅसिफिकची पातळी वर, हिंदी महासागराची खाली. पाणी उताराकडे धावते. पाटाच्या पाण्याचा जो नियम तोच इथेही.

किती पाणी? २००४ ते २००६ या काळात पाच देशांच्या शास्त्रज्ञांनी या सामुद्रधुन्यांत एकाच वेळी उपकरणे सोडून मोजणी केली. हिशेब निघाला सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर ५३ कोटी क्युसेक. धरणातून एक लाख क्युसेक सोडले की नदीकाठची गावे रात्रभर जागी असतात. १०५ टीएमसीचे कोयना धरण या प्रवाहाने साडेतीन मिनिटांच्या आत भरेल. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्राला जेवढे पाणी देतात त्याच्या दहापटीहून अधिक पाणी या फटींतून रात्रंदिवस वाहत आहे.

पाण्याबरोबर उष्णता येते. आणि इथे हिंदी महासागराचे एक वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. पॅसिफिक आणि अटलांटिक उत्तरेकडे थंड प्रदेशापर्यंत मोकळे आहेत. हिंदी महासागराच्या डोक्यावर मात्र आशिया खंड बसला आहे. उत्तरेला दार नाही. आलेल्या उष्णतेला बाहेर पडायचे तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जावे लागते. एका बाजूने पाणी सोडलेले, दुसरीकडे निचरा दूरवर, अशा वाफ्याचे जे होते तेच या समुद्राचे होते. शास्त्रज्ञांनी संगणकावर ही इंडोनेशियातली फट बुजवून पाहिली, तेव्हा हिंदी महासागर गार पडला, पॅसिफिक तापला आणि पावसाचा पट्टा पूर्वेकडे सरकला. म्हणजे ती फट आहे म्हणून आजचा पाऊस आज पडतो त्या जागी पडतो.

हा पाट कायम एकाच धारेने वाहत नाही. पॅसिफिकचे वारे जोरात असले, म्हणजे ला निनाचे वर्ष असले, की पश्चिमेकडचा साठा फुगतो आणि प्रवाह वाढतो. एल निनोत वारे मंदावतात, तापलेले पाणी पूर्वेकडे परत फिरते, पातळी उतरते आणि प्रवाह रोडावतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅसिफिकचे वारे जोरात होते. समुद्राच्या वरच्या ७०० मीटर थरात साऱ्या जगात जी उष्णता वाढली तिचा ७० टक्क्यांहून अधिक वाटा त्या सुमारास एकट्या हिंदी महासागरात साठला, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला. पॅसिफिकने घेतलेली उष्णता आपल्या दारात आणून ओतली गेली.

वाऱ्याचा दुसरा रस्ता

पाण्याचा रस्ता सावकाशीचा, महिन्यांचा आणि वर्षांचा. हवेचा रस्ता जलद. तापलेल्या समुद्रावरची हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा दुसरीकडे कुठेतरी खाली उतरते आणि जिथे उतरते तिथे ढग धरत नाहीत. एरवी हवा इंडोनेशियाच्या आसपास चढते. एल निनोत तापलेले पाणी पूर्वेकडे सरकले की चढणारी हवाही तिकडे सरकते आणि उतरणारी हवा आपल्या बाजूला येण्याचा धोका वाढतो. मग जुलै-ऑगस्टात ढग येतात, पण बरसत नाहीत.

ही गोष्ट उलगडायला शंभर वर्षे लागली आणि तिची सुरुवात आपल्या देशातल्या दुष्काळांपासून झाली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले आणि लगेच १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केली. १८९९ चा दुष्काळ त्यानंतरचा. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती या खात्याचे प्रमुख म्हणून आले. पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, तिकडे उतरला की इकडे वाढतो, हा झोका त्यांना सापडला. त्याचे नाते समुद्राच्या तापमानाशी जोडून दाखवले ते याकोब ब्यर्कनेस यांनी, १९६९ मध्ये.

आपल्या घरचा समुद्र

पण सगळे पॅसिफिकवर सोडून चालत नाही. १९९७ सालचा एल निनो विसाव्या शतकातला एक अत्यंत जोरदार एल निनो होता. देशात पाऊस किती पडला? सरासरीच्या १०२ टक्के. २००२ सालचा एल निनो त्या मानाने मवाळ. खात्याचा अंदाज होता १०१ टक्क्यांचा, पडला ८१. जुलै महिन्यात तर जवळपास निम्माच पाऊस झाला. दांडगा एल निनो हात न लावता गेला आणि मवाळ एल निनोने कंबरडे मोडले. असे का?

याची दोन उत्तरे मिळाली आणि दोन्हींमध्ये भारतीय शास्त्रज्ञांचा हात आहे. पहिले उत्तर १९९९ सालचे. एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि जपानचे तोशियो यामागाता यांनी दाखवले की हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका आहे. काही वर्षी सुमात्राकडचे पाणी गार पडते आणि आफ्रिकेकडचे तापते. यालाच हिंदी महासागराचा धन द्विध्रुव म्हणतात. असे झाले की इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया कोरडे पडतात, पूर्व आफ्रिकेत पूर येतात आणि आपल्या मान्सूनला बळ मिळते. १९९७ मध्ये हा द्विध्रुव जोरात होता. त्याने एल निनोचा घाव परतवला. इंडोनेशियातली जंगले त्या वर्षी पेटली, आपण वाचलो.

दुसरे उत्तर २००६ सालचे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. पॅसिफिक किती तापला यापेक्षा कुठे तापला हे महत्त्वाचे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी तापला तर आपल्याला धोका कमी. महासागराच्या मध्यावर तापला तर जास्त.

म्हणून 'एल निनो आला, दुष्काळ पडणार' हे वाक्य अर्धवट आहे. 'धन द्विध्रुव आहे, चिंता नको' हेही अर्धवटच. २०१९ साली द्विध्रुव अतिशय जोरदार होता. पावसाने ११० टक्क्यांचा पल्ला गाठला. पण तो वेळेवर परत गेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याने काढणीला आलेले सोयाबीन, भात, कांदा आणि फुलोऱ्यातल्या द्राक्षबागा झोडपून काढल्या. २०१५ साली एल निनो भारी ठरला, पाऊस ८६ टक्क्यांवर थांबला आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले.

त्यात हा घरचा समुद्रच तापत चालला आहे. पुण्याच्या त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्याच्या महिन्यांत १.२ अंशाने तापला. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. समुद्र तापला की फरक घटतो आणि एकूण पाऊस ओसरतो. पण तापलेल्या समुद्रावरून वाफ जास्त उठते. त्यामुळे मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. पाऊस कमी आणि ढगफुटीसारखा कोसळ जास्त, हे दोन्ही एकाच वावरात पाहावे लागते ते यामुळे. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आणि २०२५ च्या सप्टेंबरातला मराठवाड्याचा पूर, दोन्ही आपल्याच माणसांनी सोसले.

सरासरीने पोट भरत नाही

२०२३ चे उदाहरण नीट पाहू. हवामान खात्याने एप्रिलमध्ये ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला. पडला ९४ टक्के. कागदावर अंदाज बरोबर आला आणि आम्ही त्याबद्दल खात्याला दोष देत नाही. पण महिन्यांचा हिशेब काय होता? जून ९१, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर ११३. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या वेळी आभाळ कोरडे राहिले. सप्टेंबरात पडलेल्या पावसाने सरासरी भरली, शेंगा भरल्या नाहीत. पिकाला देशाची सरासरी प्यायला मिळत नाही. त्याला त्याच्या वावरात, त्याच्या आठवड्यात पाणी लागते.

बातमी कोणाच्या कामी येते

आता मुद्द्यावर येऊ. पॅसिफिकमध्ये एल निनो सुरू झाल्याचे अमेरिकेच्या संस्थेने ८ जून २०२३ रोजी जाहीर केले. त्यानंतरच्या तारखा ओळीने मांडा. २० जुलैला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद. ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. आणि महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो कधी? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी.

म्हणजे शेतकऱ्याचा भाव बांधायला जुलै-ऑगस्टातला अंदाज पुरतो आणि त्याला दुष्काळाची सवलत द्यायला मात्र पीक डोळ्यांसमोर वाळून जावे लागते. अटकळीवर बंदी, आणि पुराव्यावर मदत. ही दोन मापे एकाच सरकारी फडताळात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

तांदळावरची बंदी पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, कांद्यावरचे शुल्क १ एप्रिल २०२५ ला संपले. पण पुढच्या एल निनोला हीच हत्यारे पुन्हा निघणार नाहीत, असे कोणी लिहून दिलेले नाही. म्हणून आजच बोलले पाहिजे.

साधा हिशेब आहे. पाऊस कमी झाला की माल कमी येतो. माल कमी आला की भाव चढतो. ज्याच्या वावरात दहा क्विंटलऐवजी सहा निघाले त्याला त्या चढ्या भावानेच थोडाफार आधार मिळतो. निसर्गाने एका हाताने घेतले तर बाजार दुसऱ्या हाताने थोडे परत देतो. तो दुसरा हातच सरकार धरून ठेवते. मग दुष्काळाचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर पडतो. पॅसिफिक तापल्याचा दंड निफाडचा आणि येवल्याचा कांदेवाला भरतो.

'शहरातल्या गरिबाने काय खायचे?' असे आम्हाला विचारले जाते. प्रश्न खरा आहे आणि तो टाळण्याचे आम्हाला कारण नाही. गरिबाला रेशनवर धान्य द्या, हातात पैसे द्या. पण त्याचा खर्च देशाच्या तिजोरीने सोसावा, सुकलेल्या वावराने नव्हे.

आम्ही काय मागतो

आम्ही अचूक भविष्य मागत नाही. समुद्राचे झोके पाहता ते कोणी देऊ शकणार नाही आणि देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आम्ही मागतो ते असे.

एक. एप्रिलचा आणि मेअखेरचा अंदाज देताना देशाच्या टक्केवारीवर थांबू नये. कोकण, खानदेश, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ यांची शक्यता वेगवेगळी आणि सरळ मराठीत सांगावी. पॅसिफिक कुठे तापला आहे, हिंदी महासागराचा द्विध्रुव कुठे झुकतो आहे, हेही सांगावे. मागच्या दहा वर्षांत त्या विभागाचा अंदाज किती वेळा खरा ठरला, तो आकडा त्याच कागदावर छापावा.

दोन. शेतकऱ्यापर्यंत अंदाज नेणारी माणसे टिकवावीत. जिल्हा पातळीवरची १९९ कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा हुकूम २०२४ च्या सुरुवातीला निघाला. पुण्याच्या संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटरपर्यंत बारीक पाहणारी नवी अंदाज प्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली. यंत्र बारीक झाले आणि ते समजावून सांगणारा माणूस काढला, तर बारीक होऊन उपयोग काय?

तीन. ज्या अंदाजावर निर्यात रोखली जाते, त्याच अंदाजावर त्याच दिवशी टंचाईची तयारीही सुरू झाली पाहिजे: चाऱ्याचे नियोजन, पीककर्जाच्या वसुलीला मुदत, रोजगार हमीची कामे. दोन्ही मापे सारखी करा.

चार. निर्यात रोखायचीच असेल तर बंदीच्या आदेशातच भावातला फरक भरून देण्याची तरतूद लिहा. ती परवडत नसेल तर बंदीही परवडत नाही, असे समजा.

आपले काम

सगळे सरकारवर सोडून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. अंदाज म्हणजे निकालपत्र नव्हे. ती शक्यता आहे. तीनात दोन वेळा पाऊस कमी पडेल असे सांगितले तर तिसऱ्या वेळी तो चांगला पडणार आहे, हे गृहीत धरूनच पेरणी ठरवली पाहिजे. धोक्याच्या वर्षी सगळे रान एका पिकाखाली घालू नये. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असले तर ऑगस्ट कोरडा गेला तरी तूर नंतरच्या पावसावर उभी राहते. नक्षत्र लागले म्हणून धूळपेर करण्याआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरला का ते पाहावे. दुबार पेरणीचे बियाणे कोणी फुकट देत नाही. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. तो बघण्याची सवय तरुण पोरांनी लावून घ्यावी आणि चावडीवर वाचून दाखवावा.

आणखी एक. प्रत्येक गावात एक पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद वहीत लिहावी. एकाच मंडळातल्या दोन शिवारांत पाऊस वेगळा पडतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण कागदावर नसेल तर कचेरीत ते कोणी मानत नाही. आज समुद्रात जगभर मिळून जवळपास चार हजार यंत्रे सोडलेली आहेत. ती दोन हजार मीटर खोल बुडी मारतात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन पाण्याचे तापमान आणि खारटपणा कळवतात. त्यांतल्या हिंदी महासागरातल्या नोंदी हैदराबादेत गोळा होतात. समुद्राच्या तळाची खबर ठेवली जाते आणि आपल्या बांधावरच्या पावसाची नाही, ही गोष्ट आपण तरी चालू देऊ नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या तीन वर्षांचा पाऊस, पेरणीची तारीख, निघालेला उतारा आणि बाजारात मिळालेला भाव, एवढे चार आकडे लिहून आणावेत. पाऊस पॅसिफिकने रोखला की भाव दिल्लीने, याचा हिशेब त्या चार आकड्यांतून आपल्यालाच मांडता येईल. तो हिशेब हातात असला की पुढचा एल निनो येईल तेव्हा आपण नुसते आभाळाकडे पाहत बसणार नाही.